बंद पाकिटातले नाव : रायडर कपच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
पीजीए ऑफ अमेरिका आणि रायडर कप युरोप या दोन्ही संस्थांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२७ मध्ये आयर्लंडमधील अडेअर मॅनर येथे रायडर कपचा, म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या सांघिक गोल्फ स्पर्धेचा, पुढचा सामना होईल, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर कंट्री क्लबवर १९२७ साली झालेल्या पहिल्या अधिकृत सामन्याला १०० वर्षे पूर्ण झालेली असतील. त्या निमित्ताने एका नियमाचा फेरविचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. रविवारच्या एकेरी लढतींपूर्वी दोन्ही कर्णधारांनी आपल्या एकेका खेळाडूचे नाव बंद पाकिटात घालून द्यायचे. समोरच्या संघातला कोणी दुखापतीमुळे उतरू शकला नाही, तर पाकिटात ज्याचे नाव असेल त्यानेही बाहेर बसायचे आणि ती लढत न खेळताच दोन्ही संघांनी अर्धा-अर्धा गुण वाटून घ्यायचा, हा तो नियम. ही पाकिटाची पद्धत संपवावी आणि तिच्या जागी प्रत्येक संघाला तेरावा, राखीव खेळाडू द्यावा, अशी माझी विनंती आहे.

मी पुण्यात राहते. तुमच्या स्पर्धेत भारताचा संघ नाही आणि असण्याचे कारणही नाही. ती अमेरिका आणि युरोप यांच्यातली लढत आहे आणि तशीच राहावी. तरीही अर्ध्या गुणाचे वजन आम्हाला दुरून का होईना, पण चांगले कळलेले आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे प्रेसिडेंट्स कपमध्ये, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप वगळून उरलेले जग अशा सांघिक स्पर्धेत खेळला. शेवटच्या दिवशी बरोबरीत असलेल्या लढतीत अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर अमेरिकेच्या ख्रिस कर्कने लांबून चेंडू होलमध्ये घातला आणि लाहिरीचा त्याहून पुष्कळ जवळचा फटका काठावरून हुकला. तो साधला असता तर लढत बरोबरीत सुटून लाहिरीच्या संघाला अर्धा गुण मिळाला असता. अमेरिकेने तो सामना १५½–१४½ असा जिंकला. बाकीचे सारे निकाल तेच धरले, तर त्या एका फटक्याने सामना १५–१५ वर येऊन थांबला असता. खेळून गमावलेल्या अर्ध्या गुणाची हळहळ राहते, पण तक्रार राहत नाही. न खेळता मिळालेल्या किंवा गेलेल्या अर्ध्या गुणाबद्दल मात्र दोन्ही बाजूंना कायम काहीतरी बोलायचे उरते, आणि तेच आता तुमच्या स्पर्धेच्या वाट्याला आले आहे.

मराठी वाचकांपैकी अनेकांना या स्पर्धेची रचना ठाऊक नसेल, म्हणून ती थोडक्यात सांगते. एकूण गुण २८. प्रत्येक संघात १२ खेळाडू. शुक्रवारी आणि शनिवारी रोज चार लढती फोरसम्सच्या, म्हणजे दोघा साथीदारांनी एकच चेंडू आळीपाळीने मारायचा अशा, आणि चार लढती फोरबॉलच्या, म्हणजे प्रत्येकाने आपापला चेंडू खेळायचा आणि जोडीपैकी ज्याचे फटके कमी त्याचा आकडा धरायचा अशा. या प्रत्येक सत्रात आठ जण खेळतात आणि चार जण बाहेर असतात. रविवारी मात्र बाराच्या बारा खेळाडू एकेरीत उतरतात. एकूण फटके मोजून इथे काही ठरत नाही. होलगणिक जिंकणे-हरणे चालते, एक होल कितीही वाईट खेळला तरी नुकसान त्या एका होलचेच होते, आणि १८ होलनंतरही दोघे समान असतील तर गुण अर्धा-अर्धा होतो. चषक नव्याने मिळवायला १४½ गुण लागतात. ज्याच्याकडे तो आधीपासून आहे त्याला १४ पुरतात.

दोन दिवस चार-चार माणसे हाताशी मोकळी असतात आणि तिसऱ्या दिवशी एकही उरत नाही, ही या रचनेतली फट आहे आणि पाकीट त्या फटीतून आले आहे. ती फट सुरुवातीपासून नव्हती. पहिल्या काळात चार फोरसम्स आणि आठ एकेरी, सगळ्या ३६ होलच्या, असे अवघे १२ गुण असत. १९६१ मध्ये लढती १८ होलच्या झाल्या आणि गुण २४ वर गेले. १९६३ मध्ये फोरबॉलची भर पडून सामना तीन दिवसांचा आणि ३२ गुणांचा झाला. त्या काळात शेवटच्या दिवशी सकाळी आठ आणि दुपारी आठ अशा एकेरी लढती होत आणि कोणाला उतरवायचे हे कर्णधार ठरवत असे, त्यामुळे एखादा लंगडला तर दुसरा पुढे येई. १९७७ मध्ये गुण २० पर्यंत खाली आणले गेले, तेव्हाही १२ जणांच्या संघातून दहाच जण एकेरी खेळले. अमेरिकेचे थोर गोल्फपटू जॅक निक्लॉस यांच्या आग्रहाने १९७९ पासून ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या जागी सबंध युरोपचा संघ आला, सेव्ह बायेस्टेरोस आणि अँटोनियो गारिदो हे स्पॅनिश खेळाडू पहिल्यांदा उतरले, गुण २८ झाले आणि शेवटच्या दिवशी सर्व १२ खेळाडूंनी खेळायचे ठरले. युरोपचा समावेश हा या स्पर्धेला वाचवणारा निर्णय होता, आणि सगळ्यांनी एकेरी खेळावे ही कल्पनाही मला अतिशय प्रिय आहे. रविवारी सकाळी फलकावर बारा जोड्यांची नावे लागतात, ते दृश्य पाहत राहावे असे असते. पण त्याच वर्षी पाकीट आले आणि त्याच वर्षी ते फोडावेही लागले.

१९७९ मध्ये ग्रीनब्रायर येथे युरोपचा मार्क जेम्स जखमी होता. अमेरिकेचे कर्णधार बिली कॅस्पर यांना पाकिटाचा अर्थच नीट कळला नव्हता आणि त्यांनी त्यात चक्क ली ट्रेव्हिनो या आपल्या अव्वल खेळाडूचे नाव लिहिले होते. युरोपचे कर्णधार जॉन जेकब्स यांनी समजूतदारपणे ते बदलू दिले आणि ट्रेव्हिनोऐवजी गिल मॉर्गन बाहेर बसला. अमेरिका १७–११ अशी जिंकली, त्यामुळे त्या अर्ध्या गुणाचा कोणी हिशेब मागितला नाही. पण जो नियम पहिल्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या मनामुळे तरला, त्याबद्दल तेव्हाच शंका यायला हवी होती असे मला वाटते.

हिशेब मागण्याची वेळ १९९१ मध्ये किआवा आयलंडला आली. त्या आठवड्यात मोटार अपघातात अमेरिकेच्या स्टीव्ह पेटच्या बरगड्यांना मार बसला होता. शनिवारी दुपारी तो फोरबॉल खेळला, पण रविवारी खेळू शकला नाही. युरोपच्या पाकिटात डेव्हिड गिलफर्डचे नाव होते. गिलफर्डचा तो पहिलाच रायडर कप होता आणि तो एकेरी न खेळताच संपला. सामन्याचा अंतिम आकडा अमेरिका १४½, युरोप १३½. शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, युरोपच्या बर्नहार्ड लँगरचा सुमारे सहा फुटांचा फटका हुकला, तेवढेच जगाच्या लक्षात राहिले. पण पेटच्या माघारीबद्दल युरोपला पूर्ण गुण दिला गेला असता, तर आकडा १४–१४ झाला असता आणि १९८५ पासून युरोपकडे असलेला चषक युरोपकडेच राहिला असता. पेटची दुखापत खोटी होती असे मी मुळीच म्हणत नाही. अपघात झाला होता आणि तो सर्वांना माहीत होता. मात्र आदल्या दुपारी खेळलेला माणूस दुसऱ्या सकाळी खेळत नाही म्हटल्यावर जी कुजबुज व्हायची ती झाली, आणि तिला उत्तर देण्याचा कोणताही मार्ग नियमाने ठेवलेला नव्हता.

गिलफर्डबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चार वर्षांनी, १९९५ मध्ये ओक हिल येथे, तो पुन्हा संघात होता आणि त्याने एकेरीत ब्रॅड फॅक्सनला एका होलने हरवले. युरोपने तो सामना १४½–१३½ असा, म्हणजे एकाच गुणाच्या फरकाने जिंकला.

तिसरी वेळ १९९३ ची, इंग्लंडमधील बेल्फ्रीची. युरोपच्या सॅम टॉरन्सच्या पायाचे बोट पिकले होते. अमेरिकेचा लॅनी वॉडकिन्स आपले कर्णधार टॉम वॉटसन यांच्याकडे स्वतः गेला आणि म्हणाला की मी गुणवत्ता यादीतून आलेलो नाही, तुमच्या निवडीने आलो आहे, तेव्हा पाकिटात माझे नाव घाला. रायडर कपच्या इतिहासातल्या ज्या थोड्या गोष्टी मला पुन्हा पुन्हा आठवतात त्यांत ही एक आहे. पण हा मोठेपणा वॉडकिन्सचा होता, नियमाचा नव्हे. कर्णधाराने आपल्या बारा माणसांतला सर्वांत कमी भरवशाचा कोण हे आदल्या रात्री कागदावर लिहून द्यावे, अशी मागणी जो नियम करतो, त्याची लाज एका खेळाडूने स्वतःच्या अंगावर घेतली, इतकाच त्याचा अर्थ.

यानंतर ३२ वर्षे पाकिटे न फोडता परत गेली. मग २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकवर व्हिक्टर होवलँडची मान आखडली. शनिवारी दुपारच्या फोरबॉलमधून त्याने माघार घेतली, तेव्हा त्याच्या जागी टिरेल हॅटन उतरला आणि कोणाची काही तक्रार नव्हती. रविवारी त्याच दुखण्यासाठी त्याच्या जागी कोणालाच उतरता आले नाही आणि अमेरिकेच्या हॅरिस इंग्लिशला धडधाकट असूनही बाहेर बसावे लागले. खेळल्या गेलेल्या ११ लढतींत अमेरिकेने सहा जिंकल्या, चार बरोबरीत सुटल्या आणि युरोपला एकच जिंकता आली, इतका तो दिवस अमेरिकेचा होता. तरी आधीच्या दोन दिवसांच्या ११½–४½ अशा आघाडीच्या बळावर युरोपने सामना १५–१३ असा जिंकला. अमेरिकेचे कर्णधार कीगन ब्रॅडली यांनी त्यानंतर नियम बदलण्याची मागणी केली. पूर्ण गुण अमेरिकेला दिला असता तरी आकडा १४½–१३½ असा युरोपच्याच बाजूचा राहिला असता, म्हणून त्यांची मागणी हरल्याचे दुःख म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तसे करू नये. उपायाबद्दल मतभेद असले तरी दुखणे खरे आहे.

जो खेळू शकत नाही त्याच्या संघाने गुण गमवावा, हा एक उपाय सुचवता येईल. तुमच्या स्पर्धेच्या धाकट्या बहिणीत, महिलांच्या सोलहाइम कपमध्ये, ते घडलेले आहे. २०११ मध्ये आयर्लंडमधीलच किलीन कॅसल येथे अमेरिकेच्या क्रिस्टी कर हिचे मनगट रविवारी साथ देईना आणि तिची लढत न खेळता युरोपच्या कॅरेन स्टपल्सला पूर्ण गुण मिळाला. युरोपने सामना १५–१३ असा जिंकला. ज्या खेळाडूने आयुष्यभर अशा एका रविवारची वाट पाहिली, तिच्या हाताला दुखापत झाली म्हणून तिच्या अकरा सहकाऱ्यांकडून एक गुण काढून घेण्यात मला न्याय दिसत नाही. दुखापत हा काही चुकीचा फटका नव्हे. शिवाय असा नियम आला की जखमी खेळाडू जिवावर उदार होऊन उतरणार आणि आधीच दुखावलेली मान किंवा पाठ कायमची बिघडवून घेणार, हेही उघड आहे.

एक लहानसा अनुभव इथे नोंदवते. काही वर्षे मी आमच्याकडच्या आंतरक्लब सामन्यांत गुणलेखनाचे काम केले. तिथेही कोणीतरी तुमच्या पद्धतीची नक्कल म्हणून पाकीट आणले होते. एका सकाळी पाहुण्या संघातल्या एका गृहस्थांची पाठ धरली आणि यजमानांचे पाकीट माझ्यासमोर फोडले गेले. ज्यांचे नाव निघाले ते साठीचे गृहस्थ बूट घालून, बॅग खांद्याला लावून पहिल्या टीजवळ, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथे, उभे होते. ते काही बोलले नाहीत. कॅडीला, म्हणजे मैदानावरच्या मदतनिसाला, त्याची पूर्ण मजुरी दिली आणि घरी निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या नावापुढे मी अर्धा गुण लिहिला. तो अर्धा गुण आपल्याला मान म्हणून दिला की अपमान म्हणून, असे त्यांनी पुढे मला एकदा विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. सोमवारी कामावर जाणाऱ्या साध्या माणसाला एवढे लागत असेल, तर गिलफर्डला किंवा इंग्लिशला काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

म्हणून तेरावा खेळाडू. संघ जाहीर होईल तेव्हाच त्याचेही नाव जाहीर व्हावे, त्याने संघाबरोबर यावे, सराव करावा, उद्घाटनाला उभे राहावे. शुक्रवारी आणि शनिवारी त्याला खेळवू नये, कारण त्या दिवशी चार जण मोकळे असतातच. रविवारी पहिली जोडी टीवर जाण्यापूर्वी ठरावीक वेळेपर्यंत एखादा खेळाडू जखमी ठरला, तर क्रमवारीत त्याच्याच जागेवर, त्याच्याच प्रतिस्पर्ध्यासमोर तेराव्याने उतरावे. खेळाडू खरोखर जखमी आहे की नाही हे दोन्ही संस्थांनी मिळून नेमलेल्या डॉक्टरांनी ठरवावे. आपापल्या संघाच्या डॉक्टरांच्या शब्दावर ते सोडू नये. एकाच संघातले दोघे जखमी झाले किंवा वेळ टळून गेल्यावर दुखापत झाली, तरच अर्ध्या-अर्ध्या गुणाचा आधार घ्यावा, आणि तेव्हाही समोर कोण बसणार हे पाकिटाने ठरवू नये. फलकावर ज्याची जोडी त्याच्याशी लागली आहे तोच बसेल, हे सर्वांना आधीपासून माहीत असावे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दोन दिवस विश्रांती घेतलेला ताजा खेळाडू थकलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आणणे अन्यायाचे आहे. याचे उत्तर तुमच्याच इतिहासात आहे. १९९९ मध्ये ब्रुकलाइन येथे युरोपच्या कर्णधाराने यार्मो सँडेलिन, जाँ व्हान द वेल्द आणि अँड्र्यू कोल्टार्ट या तिघांना रविवारपर्यंत एकदाही खेळवले नाही. ते तिघे पूर्ण विश्रांती घेऊन एकेरीत उतरले आणि तिघेही हरले; १०–६ ने पुढे असलेला युरोप १४½–१३½ असा पराभूत झाला. रायडर कपच्या गर्दीत, त्या आवाजात पहिला फटका रविवारी मारावा लागणे हा लाभ नव्हे, ते ओझे आहे. तो कर्णधार होता मार्क जेम्स, त्याच्या वीस वर्षे आधी ज्याच्या दुखापतीमुळे पहिले पाकीट फोडले गेले तोच.

दुसरा आक्षेप लबाडीचा: एखाद्याचा खेळ बसत नसेल तर कर्णधार त्याला जखमी ठरवून तेराव्याला आणेल. तो धोका पाकिटातही होता आणि १९९१ मध्ये त्याची चर्चा झालीच. संयुक्तपणे नेमलेला डॉक्टर आणि ‘माघार घेतली की त्या सामन्यात पुन्हा नाही’ ही अट, या दोन गोष्टींनी तो आजच्यापेक्षा कमीच होईल. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, तो म्हणजे तेराव्याच्या मनाचा. बहुतेक वेळा तो न खेळताच परत जाईल. पण न खेळण्याची शक्यता जाणून, संमती देऊन आलेला माणूस आणि खेळायला आलेला असताना पहिल्या टीवरून माघारी पाठवलेला माणूस यांच्यात फार मोठे अंतर आहे.

हा बदल परंपरेला धरून नाही असे कोणी म्हणेल, तर मी त्यांना अगदी आरंभाकडे नेईन. सॅम्युअल रायडर हे सेंट ऑल्बन्सचे बियाण्यांचे व्यापारी. पन्नाशीच्या सुमारास प्रकृतीसाठी गोल्फकडे वळले आणि त्यांनी एब मिचेल या नामवंत व्यावसायिकाला आपला शिक्षक म्हणून नेमले. सतरा इंच उंचीच्या त्या सोन्याच्या चषकावर जी आकृती उभी आहे ती मिचेलचीच. १९२७ च्या सामन्यासाठी ब्रिटनचे नेतृत्वही मिचेलकडेच होते. जहाज सुटण्याच्या बेतात असताना त्याला अपेंडिसायटिस झाला. त्या वेळी अमेरिकेला कोणाचे नाव पाकिटात घालायला सांगितले गेले नाही आणि कोणताही गुण वाटून घेतला गेला नाही. टेड रे यांना कर्णधार केले गेले आणि मिचेलच्या जागी हर्बर्ट जॉलीला अमेरिकेला पाठवले गेले. ब्रिटन ९½–२½ असे सपाटून हरले, पण सगळ्या लढती खेळल्या गेल्या. ज्याची मूर्ती चषकावर आहे तोच या स्पर्धेतला पहिला जखमी आणि त्याच्या मागून निघालेला जॉली हा पहिला बदली खेळाडू. तेराव्याची परंपरा पाकिटाच्या परंपरेपेक्षा ५२ वर्षांनी जुनी आहे.

एक सावधगिरीची विनंती मात्र याच पत्रात करून ठेवते. नियमांचे पुस्तक उघडलेच आहे तर बरोबरीचा नियमही बदलू, जादा होल खेळवून निकाल लावू, असा सूर निघाल्यास त्याला थारा देऊ नये. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलवर निक्लॉसने ब्रिटनच्या टोनी जॅक्लिनचा दोन-तीन फुटांचा शेवटचा फटका मारू न देताच मान्य करून टाकला आणि सामना १६–१६ असा सुटला. १९८९ मध्ये बेल्फ्रीवर १४–१४. अर्धा गुण या खेळाचा आत्मा आहे आणि माझा त्याच्याशी काही वाद नाही. तो अठराव्या ग्रीनवर, दोघांनी टोप्या काढून हात मिळवताना जन्माला यावा, एवढेच माझे मागणे आहे.

अडेअर मॅनरच्या सामन्यासाठी दोन्ही कर्णधारांशी होणाऱ्या करारात पाकिटाचे कलम असेल की तेराव्याचे, हे ठरवायला तुमच्याकडे अजून वेळ आहे. आयर्लंडमधल्या त्या रविवारी कोणाची मान, पाठ किंवा मनगट दुखावले, तर त्याच्या जागी बूट बांधून तयार असलेला माणूस टीवर यावा, आणि समोरच्याला बॅग उचलून परत जावे लागू नये.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक गोल्फप्रेमी